दहा सेकंदांचा भाऊ

रविवार, २ मार्च. संध्याकाळी ५.२०
लेकीचा फोन. सहा मिनिटे. गेल्या रविवारी नऊ होती, त्याआधी चौदा. यावरून लगेच निष्कर्ष काढणे बरोबर नाही. तिची परीक्षा जवळ आली आहे.
मी विचारले, जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, तिकडे हवा कशी आहे. ती म्हणाली, बाबा, दर वेळी तूच प्रश्न विचारतोस. तुझ्याकडे सांगण्यासारखं काही घडतच नाही का रे? मागून तिची आई म्हणाली, अगं, असं बोलतात का! म्हणजे वाटते तिलाही तेच. फक्त ती बोलत नाही.
बायकोची दुसऱ्या शहरातली बदली तात्पुरती आहे. हे तिसरे वर्ष.
संकल्प: पुढच्या रविवारपर्यंत सांगण्यासारखे काहीतरी घडवणे.

सोमवार, ३ मार्च
सुचले! जुळा भाऊ!
जुने अल्बम चाळत होतो. या घरातले सगळे फोटो मी काढले, त्यामुळे मी एकाही फोटोत नाही. तेव्हा आता एका फोटोत दोनदा यायचे. थकबाकी वसूल. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवायचा, आधी टेबलाच्या डावीकडे बसून एक फोटो, मग उजवीकडे बसून दुसरा, आणि कॉम्प्युटरवर दोन्ही जोडायचे. दोघे बुद्धिबळ खेळताहेत. एक नीटनेटका, चष्मा लावलेला. दुसरा बनियनवर, केस विस्कटलेले, पहिल्याची सोंगटी ढापताना.
लेक पोट धरून हसेल. तासाभराचे काम.

मंगळवार, ४ मार्च
तास झाला. तीन तास झाले. टायमर दहा सेकंदांचा आहे. बटण दाबून खुर्चीत पोचेपर्यंत सात जातात, उरलेल्या तिनात विनोदी व्हायचे. पहिल्या अकरा फोटोंत मी अर्धवट बसलेला आहे. एकात फक्त कोपर.
ऑफिसात माझे काम दुकानदारांचे वजनकाटे तपासण्याचे. मी तपासतो, समोरच्या टेबलवरच्या बाई शिक्का मारतात. त्यांना सहज विचारले, माणसाचा चेहरा डावीकडून चांगला दिसतो की उजवीकडून? त्या म्हणाल्या, कोणाचा, तुमचा? तुम्ही काटा फेटाळता तेव्हा दुकानदाराचा जसा होतो तसा, दोन्हीकडून. मग कारण विचारले. सांगितले. त्या म्हणाल्या, अहो, मी आणि आमचे हे येतो की, बटण दाबायला असा किती वेळ लागतो? मी नको म्हणालो. कोणाची मदत घेतली तर ते माझे काम राहणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

गुरुवार, ६ मार्च
नवी अडचण. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत नाहीत. लिफ्टमध्ये अनोळखी माणसे उभी असतात तसे एकमेकांच्या कानापलीकडे बघताहेत. समोर कोणीच नसताना नजर नेमकी कुठे ठेवायची हे कळत नाही. उपाय: समोरच्या खुर्चीत पुस्तकांची चवड, तिच्यावर माझ्या डोळ्यांच्या उंचीला पाण्याची बाटली. तिच्या झाकणाकडे प्रेमाने बघायचे.
बुद्धिबळाचा डावही खोटा मांडवेना. कोणी नीट पाहिले तर? म्हणून खरोखर खेळलो, दोन्ही बाजूंनी, खुर्ची बदलून. बनियनवाला जिंकला. सोंगट्या न ढापता. वाईट वाटले नाही. पण तो जिंकेल असे वाटले नव्हते.

शनिवार, ८ मार्च. दुपारी
टेबल चार दिवस तसेच आहे, कारण काहीही हलवले तर दोन फोटो जुळणार नाहीत. दोन ताटे, दोन कप. जेवतो त्याच टेबलावर. दोन्ही कपांत चहा ओततो, कारण वाफ दोघांकडेही दिसली पाहिजे. नंतर दोन्ही मीच पितो. याला तांत्रिक कारणाखेरीज दुसरे कारण नाही, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जमले! नजर जुळली! जोड शोधून सापडत नाही. नीटनेटका वैतागलेला, दुसरा गालात हसणारा. खरे सांगायचे तर दुसरा जास्त मनमोकळा वाटतो. लेकीला पाठवला.
उत्तर आले नाही. परीक्षा.

रविवार, ९ मार्च. संध्याकाळी ५.३०
फोन एकोणीस मिनिटे!
पण क्रमाने लिहितो. जुळ्याबद्दल लेक म्हणाली, हो पाहिला, मस्त आहे, हे आता अ‍ॅपमध्ये दोन सेकंदांत होतं. मी म्हणालो, मला सहा दिवस लागले. ती म्हणाली, अय्यो बाबा.
मला वाटले, सहा मिनिटे झाली, आता ठेवणार. तेवढ्यात म्हणाली, पण बाबा, फोटो काढला कोणी? कोणी आलं होतं का घरी? हे तिने इतके हळू विचारले की मला कळले, तिला हा प्रश्न पुष्कळ दिवस विचारायचा होता, फोटो नसता तरी.
मी टायमर म्हणणार होतो. शब्द तोंडात होता. मी म्हणालो, मित्राने.
ती ओरडली, आई, बाबाला मित्र आहे! पलीकडे काहीतरी पडले. मग बायको स्वतः फोनवर आली. पुष्कळ दिवसांनी. म्हणाली, किती बरं वाटलं म्हणून सांगू, जिवाला घोर होता बघ. कोण, कुठला, काय करतो? मी म्हणालो, ऑफिसचाच, सगळे त्याला भाऊ म्हणतात. ती म्हणाली, स्वभावाने कसे आहेत? मी म्हणालो, मनमोकळा. हे मात्र खरे आहे.
आयुष्यात मी एक ग्रॅम इकडचा तिकडे केलेला नाही. आज काय झाले समजत नाही.

बुधवार, १२ मार्च
नीट विचार केला. खरे सांगितले तर दोघींचा घोर परत. तेव्हा उपाय एकच: लवकरात लवकर एक मित्र करायचा. म्हणजे रविवारचे विधान मागील तारखेपासून खरे धरता येईल.
शिक्क्याच्या बाईंना फोटो दाखवला. हसल्या, अगदी डोळे पुसेपर्यंत. म्हणाल्या, रविवारी पाचला आम्ही दोघं चालायला जातो, तुम्ही या, आमच्या ह्यांनाही बुद्धिबळाचं वेड, घरात खेळायला कोणी नाही. मी म्हणालो, रविवारी पाचला जमणार नाही, लेकीचा फोन असतो. त्या म्हणाल्या, मग शनिवारी? मी म्हणालो, बघतो. शनिवारी काय अडचण आहे ते आठवून पाहिले. नाही आठवली.

शनिवार, १५ मार्च
गेलो नाही. ओळख नसताना एकदम जाणे बरे दिसत नाही. आधी ओळख हवी.

रविवार, १६ मार्च. संध्याकाळी ७.१०
पावणेपाचला लेकीचा मेसेज. बाबा, आज तू मित्राबरोबर असशील ना, म्हणून फोन करत नाही. आई म्हणते, आता दर रविवारी तुला अडकवून ठेवायला नको. मजा करा दोघं!
नाही, मी घरीच आहे, असे लिहिले आणि खोडले. मग मित्राचे काय झाले ते सांगावे लागले असते. हो, असे लिहिले. पाठवल्यावर लक्षात आले की मी मोजे घालून घरात बसलो आहे, म्हणजे हे दुसरे खोटे झाले. एक झाले तेवढे पुरे. इस्त्रीचा शर्ट घातला आणि बागेत गेलो.
बाकाच्या एका टोकाला बसलो. थोड्या वेळाने माझ्याच वयाचा एक गृहस्थ आला. काखेत वर्तमानपत्र, चेहरा बोलका. वर्तमानपत्राने बाक झटकत म्हणाला, काय, इथे कोणी बसणार आहे का?
मी म्हणालो, हो, माझा मित्र यायचाय.
तो म्हणाला, असं होय, मग राहू दे. आणि पलीकडच्या बाकावर एकटाच जाऊन बसला. वर्तमानपत्र उघडले नाही. अधूनमधून फाटकाकडे बघत होता, मग माझ्याकडे.
साडेसहाला तो उठला. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाला, आले नाहीत वाटतं?
मी म्हणालो, येईल. त्याला जरा उशीर होतो.