नानगान ते ताइपे, पन्नास मिनिटं

१४ एप्रिल

धावपट्टी आजही बंद. विमानतळाच्या मनोऱ्यातल्या च्यूने सकाळी फोनवर पक्कं केलं — समोरचा दिवाही दिसत नाही. लेकीचं, जिंगवेनचं, आजचं तिकीट गेलं.

नानगान ते ताइपे दोनशे दहा किलोमीटर, विमानाला पन्नास मिनिटं. बेटाच्या किती बातम्यांत हे वाक्य टाकलं असेल मी! पोरीला आठवा महिना, बाळाची वार पार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर. डॉक्टरीणबाई सरळच बोलल्या — "रक्त जायला लागलं तर इथं पुरेसं रक्त नाही, शस्त्रक्रियेची सोय नाही. ताइपेला पोचवा." धुक्यात हेलिकॉप्टरही येत नाही.

१५ एप्रिल

धुकं. जिंगवेन शिंकली तरी दचकतो.

१६ एप्रिल

विहीणबाई देवळात कौल लावून आल्या. "देवीनं तीनदा कौल दिला. बोटीनं न्या."

जिंगवेन पडल्या पडल्या म्हणाली, "सासूबाई, समुद्राची देवी ती. विमानानं न्या असं कशाला सांगेल?"

"जीभ चालतेय तोवर पोर बरी आहे!"

मी हवामानाचा अंदाज पुढे केला — उद्या निवळेल. "तुमचा अंदाज रोज 'उद्या'च म्हणतो, व्याहीबुवा. देवी एकदा तरी तशी फिरली का?"

बोटीला कीलुंग बंदरापर्यंत नऊ तास. वाटेत डॉक्टर नाही. जावई ताइपेत, तोही म्हणाला, "बाबा, तुम्ही ठरवा." हो म्हणालो.

१७ एप्रिल, सकाळ

बोट सुटली. विहीणबाईंच्या मांडीवर तांदळाच्या जुन्या दारूचा बुधला — आमच्याकडे बाळंतिणीच्या शेवयांत घालतात ती. दोघी धुक्यात दिसेनाशा झाल्या. भोंगा तेवढा ऐकू येत राहिला.

दुपार

ऊन! भिंतीवर स्वतःची सावली पाहिली. च्यूचा फोन — "काका, ताइपेहून पहिलं विमान निघालं!" आणि माझी पोर समुद्रात.

लगेच बोटीवरून फोन. विहीणबाई. आवाज ओळखूच येईना. "रक्त जातंय हो." मग कप्तान — पुढे कीलुंग साडेसहा तास, मागे नानगान अडीच. काय करू?

"परत फिरवा."

बरोबर केलं का? माहीत नाही. च्यूला विमान थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, "विचारतो. पण काका, तीननंतर पुन्हा धुकं येतंय."

पावणेतीन, धक्क्यावर

विमान थांबलंय. च्यूने पक्कं केलं. स्ट्रेचरला सहा खुर्च्या लागतात. आत सगळी चार-चार दिवस विमानतळावर ताटकळलेली माणसं. वैमानिकाने सहा जागा मागितल्या. अकरा जण उतरले.

डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या आहेत, रुग्णवाहिकेचं दार उघडं.

बोट दिसतेय. तिच्यामागे, तिच्याच वेगानं, धुकं.