चौथी खुर्ची

न्यूयॉर्क, सोमवार

प्रिय केझाया,

आपला ऑरिन गेल्याची तार तुला मिळाली असणार. तू का आली नाहीस ते मला कळतं. बाबा इथे होते.

त्याचं शेवटचं चित्र माझ्या टेबलावर होतं. साप्ताहिकाच्या थँक्सगिव्हिंगच्या अंकासाठी त्याने ते लाकडी ठोकळ्यावर काढलं आणि नेहमीसारखं कोरायला माझ्याकडे आलं. इतकी वर्षं त्याची चित्रं कोरली, पण हे कधी मनाला लागलं नव्हतं : कोरताना त्याच्या पेन्सिलीची रेघ भुशाबरोबर निघून जाते. त्याच्या हातचं काही उरत नाही. आठ दिवस मी हत्यार उचललं नाही. फोरमन म्हणाला, "लेम, ठोकळा उबवतोयस काय? पिल्लू नाही निघायचं त्यातून. सोमवारी छापखान्यात हवाय."

चित्र आपल्याच घरातलं. टर्की कापणारे बाबा, शेजारी आई, मग मी. स्वतःला त्याने घेतलंच नाही. चौथ्या खुर्चीवर तू, वाकडा दात न झाकता हसणारी.

दफनाहून परतल्यावर बाबांनी ते पाहिलं. "ही इथे कशाला? त्या आयरिश कॅथलिक मायकेलशी लग्न केलं, त्याच दिवशी हिची खुर्ची गेली. तिथे फुलदाणी कोर." मी दिव्याची वात वर केली. "ऐकू आलं ना? ही या टेबलाशी दिसली, तर तूही माझ्या टेबलाशी बसायचं नाहीस." बोलता बोलता त्यांनी तुझ्या चेहऱ्यावर अंगठा धरला. पण टेकवला नाही, केझाया. पेन्सिल पुसली जाईल म्हणून तसाच वर धरून ठेवला.

शनिवारपर्यंत सगळं कोरून झालं. तुझा चेहरा तेवढा राहिला. तो आज सकाळी कोरला, ऑरिनने काढला तसाच, दातासकट. ठोकळा छापखान्यात गेला. आता बदल होणार नाही.

पुढच्या आठवड्यात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारच्या टपालाने अंक गावी पोचेल. बाबा पान उघडतील तेव्हा तू नुसती कागदावर नसावीस, म्हणून हे लिहितोय. मायकेलला घेऊन त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारच्या गाडीने गावी ये. मी तिथल्या स्टेशनवर थांबेन. दार उघडलं नाही, तर आपण तिघं तुमच्या घरी जेवू. पण आधी दार मी ठोठावेन.

ऑरिनच्या मागे उरलेला तुझाच भाऊ,
लेम्युएल