रोझॅनचं पहिलं हसू

चिनली, अ‍ॅरिझोना
२६ फेब्रुवारी १९७८

चि. अर्लीनला बापाचे आणि देस्बाआत्याचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

बाळाचा फोटो मिळाला. दुकानातल्या टपालपेटीत आठवडाभर पडून होता बिचारा; मी जातोच आठवड्यातून एकदा. आत्याने तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलाय आणि येईल त्याला सांगते की नाक आमच्याकडचं आहे, बाकीचं कुणाकडचं असेल ते असो.

रोझॅनला दहावा आठवडा लागला. म्हणजे हसू आता उंबऱ्यापाशी आलं. डेन्व्हरला राहून तू विसरली असशील म्हणून आपल्या लोकांची रीत लिहितो. हसेपर्यंत बाळ अर्धं वरच्यांचं असतं. हसलं की ते आपल्यात राहायला राजी झालं. जो त्याला पहिल्यांदा हसवतो त्याने मेजवानी द्यायची, आणि आलेल्या प्रत्येकाला बाळाचा हात धरून त्याच्या मुठीतून खडेमीठ द्यायचं, म्हणजे पोर मोठेपणी सढळ हाताचं निघतं. हसवणाऱ्याचा स्वभाव बाळात उतरतो. म्हणून तर तुझा कंजूष रँडलकाका नुसता रस्त्याने गेला तरी तान्ह्या बाळांच्या आया दारं लावून घेतात.

तू हसलीस तेव्हा मी कॅन्ससमध्ये रेल्वेचे स्लीपर उचलत होतो. तुझी आई लिहू शकत नसे, दुकानदाराने तिच्यासाठी लिहिलं. मुलगी हसली. जेवण झालं. मेंढी चांगली होती. पाच आठवड्यांनी हे तीन ओळींचं कार्ड हाती पडलं. मी रुळावर बसून ते इतक्या वेळा वाचलं की मुकादमाने विचारलं, कोण गेलं? गोऱ्यांच्या शाळेत आमचे केस कापले, आमची भाषा साबणाने धुतली. पण तिथल्या कविता मी खिशात घालून पळालो. त्यातल्या एकीत एक खलाशी वर्षानुवर्षं घराचा दिवा शोधत हिंडतो. समुद्र मी जन्मात पाहिला नाही, पण त्या दिवशी तो खलाशी मीच होतो.

तेव्हा आता एवढं कर. मी येईपर्यंत तिला हसू देऊ नकोस. पंधरा दिवसांत निघतो. तुझ्या डेललाही बजावून ठेव.

लोभ आहेच; तो हसू येईपर्यंत राखून ठेव.
तुझा बाप,
हॉस्की


डेन्व्हर
९ मार्च १९७८

ती. बाबांस अर्लीनचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी मला रडू आलं, मग मी कामाला लागले. आमच्या घरात सध्या सुतक असल्यासारखं वातावरण आहे. डेल कामावरून येतो, दारातच चेहरा पुसून घेतो आणि मग आत येतो. काल अंघोळ घालताना तो तिला टायरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचून दाखवत होता, म्हणजे तिला गंमत वाटणार नाही. मलाच हसू फुटलं आणि मला बाहेर पळावं लागलं.

खरी पंचाईत सासूबाईंची झालीय. व्हर्नाबाई दर मंगळवारी येतात. तोंडावर पदरासारखा रुमाल धरायचा आणि अचानक काढायचा, हा त्यांचा चार नातवंडांवर चाललेला खेळ. तो मी बंद करायला सांगितला. त्यांनी रुमाल नीट चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या की आमच्याकडे आजीला बाळ खेळवायला परवानगी लागत नसे, पण ठीक आहे. त्यांचं ते ‘ठीक आहे’ तुम्हाला माहीत नाही, बाबा. आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

तुम्ही कधी निघताय ते कळवा. लवकर निघा.

डेलचा नमस्कार. माया आहेच, आता रस्ता धरा.
तुमची,
अर्लीन


चिनली
१९ मार्च १९७८

चि. अर्लीनला आशीर्वाद, वि. वि.

निघालो होतो, पण सहा मैलांवर ट्रकचं चाक चिखलात आसापर्यंत गेलं. बर्फ वितळतंय, सगळा रस्ता खिरीसारखा झालाय. शेजारच्या पोरांनी दोन घोडे लावून ट्रक बाहेर काढला, पण तेवढ्यात आस तुटला. नवीन आस फार्मिंग्टनहून यायचाय. त्यात मेंढ्या व्यायला लागल्यात आणि आत्या एकटीने किती बघणार? अजून दोन आठवडे धर.

एक सांगतो, रागावू नकोस. त्या व्हर्नाबाईंना बाळापाशी एकटं सोडू नकोस. तूच मागे लिहिलं होतंस की त्या एक चहाची पुडी तीनदा वापरतात आणि भेटवस्तूचा कागद इस्त्री करून ठेवतात. बाई चांगल्या असतील; पण असा स्वभाव माझ्या नातीत उतरायला नको. त्यांना मंगळवारी दुसरं काही काम सांग.

इकडे पहाटे टेकडीवर उभा राहिलो की वाटतं तुमचं शहर त्या रेषेपलीकडेच आहे, हात लांबवला की पोचेन. मग खाली चिखल बघतो.

लोभ वाढो, चिखल आटो.
हॉस्की


डेन्व्हर
३० मार्च १९७८

ती. बाबांस सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिलाय, पण मनातून भांडायलाच बसलेय.

सोमवारी बाळाला तपासायला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हसते का खळखळून? डेल म्हणाला की आम्ही हसू देत नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग मला सगळं समजावून सांगावं लागलं आणि सांगताना ते किती वेड्यासारखं वाटत होतं ते तुम्हाला काय सांगू! डॉक्टर म्हणाले की बाळ आईच्या चेहऱ्यावरूनच सगळं शिकतं. तिने काय शिकायचं हो बाबा? दगडाचे चेहरे?

काल दूध पाजून झाल्यावर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तोंड उघडलं, गाल वर गेले, घशात काहीतरी गुरगुरलं. आलंच होतं. आणि मी तोंड फिरवलं. माझ्या पोरीकडे मी पाठ केली. पुन्हा बघितलं तर ती भिंतीकडे बघत होती. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

मी हसले तेव्हा तुम्ही नव्हता, हे मला लहानपणापासून दर हिवाळ्यात ऐकवलंत. तो सल माझ्या लेकीच्या तोंडावर झाकण म्हणून ठेवणार का? आणि व्हर्नाबाईंविषयी पुन्हा असं लिहू नका. बाळंतपणात तीन आठवडे आमचं घर त्यांनी चालवलं. चहाची पुडी तीनदा वापरली म्हणूनच डबे भरलेले राहिले.

मी काय करू ते उलट टपालाने सांगा.

अर्लीन


चिनली
६ एप्रिल १९७८

चि. अर्लीनला आशीर्वाद.

या वेळी आठवडा संपायची वाट न बघता घोड्यावरून दुकानात गेलो. तुझं पत्र तिथेच उभ्याने वाचलं, घरी येऊन आत्याला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. शेवटपर्यंत ऐकलं, हात धुतले, आणि मग जी सुरू झाली! म्हणाली की रँडलला आपण कंजूष म्हणतो, पण तो निदान स्वतःच्याच वस्तू दाबून बसतो. तू दुसऱ्याचं हसू दाबून बसलास. म्हणाली की पोर आपल्यात यायला निघाली होती आणि तू तिला दारात उभी करून ठेवलीस, वर म्हणे ट्रकचा आस आला नाही. पाळण्यापासून दूर ठेवायचं होतं ते तुलाच ठेवायला हवं होतं, असंही म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली, ते कागदावर यायचं नाही.

मी शाळेतली एक कविता आठवत होतो, ती अर्ध्यावर अडली.

अर्लीन, तिला हसू दे. कुणाकडेही बघून हसू दे. मी येतोय की नाही हे बघू नकोस. पत्र मिळताक्षणी हसव. व्हर्नाबाईंना तो रुमाल पर्समधून काढायला सांग.

चुकलो.
बाबा


डेन्व्हर
११ एप्रिल १९७८

श्री. हॉस्की यांस व्हर्ना लुंड हिचा स. न. वि. वि.

आपली भेट लग्नात एकदाच झाली, तेव्हा हे पत्र पाहून आश्चर्य वाटेल. तुमचं सहा तारखेचं पत्र काल पोचलं. उशीर झाला. रोझॅन मंगळवारी, चार तारखेला, दुपारी हसली.

मला आधीच सांगितलं पाहिजे की मी काहीही केलं नाही. मला बजावल्याप्रमाणे मी गंभीर चेहऱ्याने बसले होते. माझा चेहरा मुळातच गंभीर आहे, असं माझे दिवंगत यजमान म्हणत. मला उचकी लागली. मी ती दाबली, तर दुसरी जास्त मोठ्याने आली. पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मग दर उचकीला हसत राहिली. अर्लीन आतून धावत आली ती पाळण्याशेजारी फरशीवर बसली आणि तीही हसायला लागली, रडायलाही लागली. मी पाणी प्यायले नाही. उचकी थांबू नये असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

उचकी तुमच्यात धरतात का? अर्लीन म्हणते, धरतात. तसं असेल तर मेजवानी माझ्याकडे लागली आणि ती मी देणार. चार दिवसांत द्यायची असते असं कळलं. ते जमलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. मी डेन्व्हरात आमच्या चर्चच्या सभागृहात करणार होते. पण ज्यांना मीठ द्यायचं ते सगळे तुमच्याकडे आहेत. तेव्हा आम्ही चौघं शनिवारी, २९ तारखेला, दुपारी ठीक दोन वाजता पोहोचू. मेंढीचं मला काही कळत नाही, ती तुमच्या भगिनींनी निवडावी. मीठही त्यांच्याकडचंच हवं, दुकानातलं चालत नाही म्हणतात. बाकी सगळं माझं.

माझ्या चहाच्या पुड्यांबद्दलचं तुमचं पत्र मी वाचलंय. अर्लीनने ते टेबलावर ठेवलं होतं आणि मी आवरत होते. त्यावर काही बोलायचं नाही.

स्नेह असावा, अशी अपेक्षा आहे.
व्हर्ना लुंड


चिनली
३ मे १९७८

चि. अर्लीनला आशीर्वाद, वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात हे दुकानदाराला आलेल्या फोनवरून कळलं. आता मनातलं लिहितो, कारण मेजवानीच्या दिवशी गर्दीत बोलता आलं नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. त्या बाई दोनला म्हणाल्या आणि दोनलाच आल्या. आमचे अर्धे पाहुणे चारला आले. बाईंनी आल्या आल्या आत्याच्या हातातला झारा घेतला. आत्या तो कुणालाही देत नाही, सख्ख्या बहिणीला दिला नाही, यांना दिला! आता दोघींचं एकमेकींचा शब्दही न कळता काहीतरी ठरलंय, आणि जूनमध्ये आत्या डेन्व्हरला जाणार म्हणते. मेंढ्या माझ्या गळ्यात.

मिठाचं तर विचारू नकोस. मी मनात धरून होतो की पोरीचा हात मी धरीन. धरला त्यांनी. मग वाटलं, निदान रांगेत पहिला उभा राहीन, तर आत्याने मला घरचा म्हणून शेवटी ढकललं. आणि बाई देत होत्या कसं? चिमूटभर द्यायचं असतं. त्या रोझॅनची अख्खी मूठ भरायच्या आणि लोकांच्या ओंजळीत उपडी करायच्या. रँडल दोनदा येऊन गेला, त्याला दोनदा दिलं. माझी पाळी आली तेव्हा टोपली रिकामी. बाईंनी टोपली उलटी करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांची दया आली. मग त्यांनी पोरीची मूठ उघडली. घामाने तळव्याला दोन खडे चिकटले होते. ते मी बोटाने उचलून जिभेवर ठेवले, तर ती माझ्याकडे बघून भोकाड पसरून रडली.

त्या दिवशी ती अकरा वेळा हसली. मी मोजलं. मला बघून एकदाही नाही.

आत्या म्हणते, कसली तक्रार करतोस, वाटता वाटता मीठ संपलं हीच तर पोरीची मिळकत. असेल. रात्रभर जिभेवर ती चव होती, एवढं मात्र खरं.

आता पहिल्या पावलाचं. ते तिने कधीही टाकावं, कुणाच्याही दिशेने टाकावं, रँडलच्या दिशेने टाकलं तरी चालेल. थांबवू नका. फक्त त्याच संध्याकाळी मला लिहा, आणि तीन ओळींत उरकू नका. कुठून निघाली, कशाला धरलं होतं, अंगात काय होतं, पडली तर कोणत्या अंगावर पडली, सगळं लिहा. व्हर्नाबाईंनीच लिहिलं तरी चालेल. त्यांना नेमकं लिहिता येतं.

तुम्हा सगळ्यांवर लोभ आहे, त्या बाईंवरही थोडा.
बाबा