अकरा जणींचा फोटो

बाबा, मला तुमचा भयंकर राग आलाय, आणि तो ऐकून घ्यायला तुम्ही नाही याचाही आलाय. नौपाड्यातला स्टुडिओ आता मीच चालवते. संघांचे फोटो अजूनही येतात, पण अख्खा संघ एका वेळी कधीच येत नाही. कुणाचा क्लास, कुणाची परीक्षा. मग येईल तसा एकेक खेळाडू हिरव्या पडद्यापुढे उभा करायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर सगळ्यांना एका रांगेत जोडायचं. पहिल्या वेळी सगळे एकाच उंचीचे झाले होते. तेव्हापासून प्रत्येकाशेजारी कुणाला तरी उंचीच्या खुणा केलेली काठी धरायला लावते आणि जोडून झालं की ती पुसते. मी हे शिकले तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकासमोर मला झापलंत. "आला नाही तो फोटोत नाही. फोटो म्हणजे हजेरी. खोटी हजेरी माझ्या दुकानात चालणार नाही."

आणि माझी हजेरी? आठवीत आमचा खो-खोचा संघ जिंकला, तेव्हा शाळेने फोटोला तुम्हालाच बोलावलं. मैदानावर वारा सुटलाय, मागचा पडदा उडतोय. दोन वेण्या घट्ट बांधून मी रांगेत उभी आहे, आणि तुम्ही कॅमेऱ्यामागून म्हणता, "अगं, तू जरा पडदा धर. तू काय, घरचीच. तुझा कधीही काढता येईल." मी गेले. बारा जणींच्या संघाचा अकरा जणींचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लागला. शाळा सुटेपर्यंत मी त्या खोलीत जायचं टाळलं. माझा फोटो काढायला तुम्हाला कधीच सवड झाली नाही.

गेल्या महिन्यात जुन्या निगेटिव्ह स्कॅन करताना तो फोटो सापडला, पूर्ण. उजव्या कडेला, पडद्यावर, माझी चार बोटं आहेत. म्हणजे छापताना तुम्ही ती कड कापलीत. मला खोट्या हजेरीवर भाषण देणाऱ्या माणसाने माझी खरी हजेरी कापली! भर दुपारी शटर ओढून मी तुमच्या हार घातलेल्या फोटोशी भांडले. लाजबिज काही वाटली नाही.

हेच सगळं सुनावायला लिहायला बसले होते. पण एक सांगायचं राहतंय. काल बाळकुमच्या मैदानावर हिरवा पडदा लावून लेकीच्या फुटबॉल संघातल्या एकेकीचे फोटो काढले. सकाळपासून ती जर्सी घालून प्रत्येक मुलीशेजारी काठी धरून उभी होती. शेवटची मुलगी गेल्यावर तिने विचारलं, "आई, माझा?"

मी बॅग भरत होते. "अगं, तू घरचीच. तुझा काय, कधीही काढू."

"राहू दे," म्हणाली. घरी येऊन तिने जर्सी धुवायला टाकली. आज सकाळी फोटो जोडायला बसले. नेहमीसारखी काठी पुसत होते, काठीबरोबर ती धरणारा हातही पुसत होते, आणि पाचव्या मुलीपाशी थांबले. हात तिचा होता. चार तर मी पुसूनही टाकले होते.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण आज तुमच्याशी भांडायला तोंड उरलेलं नाही. जर्सी बाल्कनीत दोरीवर आहे. अजून ओली आहे. मी दर दहा मिनिटांनी उठून हात लावून बघतेय.