गुळातलं पाणी

४ एप्रिल २०१६, सोमवार

सिंधु मॅडम गेल्या. बदली नाही, काही नाही — पाण्यापायी! नवरा पुण्याला नोकरीत, ह्या इतकी वर्षं लातुरात एकट्या राहिल्या. पण बारा दिवस टँकर फिरकला नाही तेव्हा हात टेकले. शाळेत आमचं टेबलाला टेबल लागून — त्या गणित, मी विज्ञान. टेम्पोत जागा उरली नाही म्हणून त्यांचा मायक्रोवेव्ह माझ्या दारात ठेवून गेल्या. "पंचशीला, ह्याला पाणी लागत न्हाई बघ!" म्हणाल्या. हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम.

ओट्यावर ठेवलाय. अजून लावला नाही.

६ एप्रिल

आत्या आल्या. माझ्या सासूबाई, मन्मथची आई, गुरम्मा. सिद्धेश्वर भाऊजींनी मुखेडहून एस्टीनं आणून सोडलं. मोठे दीर असून उंबऱ्याच्या आत आले नाहीत — "घाई हाय." अकरा वर्षांपासून त्यांना घाईच आहे.

उद्या आत्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. उजव्याचं तीन आठवड्यांनी. तोवर मुक्काम इथं.

सामान — रॉकेलचा स्टोव्ह, पितळी तांब्या, ज्वारीच्या पिठाचा डबा, शेंगदाण्याची एक थैली. स्टोव्ह बघून समजायचं ते समजले. मी बौद्ध, मन्मथ लिंगायत. लग्नानंतर आत्या दोनदाच आल्या. दोन्ही वेळा ओसरीत स्वतःच्या स्टोव्हवर केलं, मन्मथनं भरून दिलेल्या तांब्यातलंच पाणी प्याल्या. मला नावानं हाक नाही. "मास्तरीण!"

मी काही बोलत नाही. चांगली म्हणून नव्हे. थकले म्हणून.

८ एप्रिल

ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टर म्हणाले — धूर नाही, विस्तव नाही, वाकायचं नाही, महिनाभर. उजव्या डोळ्यानं तर तसंही दिसत नाही. म्हणजे स्टोव्ह बंद!

मन्मथ म्हणाला, "अव्वा, आता जेवायचं कसं?"

"केळं खाईन."

११ एप्रिल

चार दिवस. केळी, पिशवीतलं दूध, मूठभर दाणे. गोळ्या मात्र सकाळ-संध्याकाळ. काल उठताना भोवळ आली, भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

मन्मथनं आज डाळमिलमधून लवकर येऊन स्वतः खिचडी केली. निम्मी लागली बुडाला, पण केली. आत्यांनी विचारलं, "भांडं कुणाचं?" त्यानं ताट पुढं सरकवलं. "ब्याड, ब्याड," म्हणून भिंतीकडे तोंड केलं. जीव कळवळला की त्यांना माहेरचं कानडी येतं — नको, नको. मन्मथ म्हणाला, "गळ्यात लिंग हाय तुझ्या. आपल्यात हे शिवाशिवीचं बसतं का, अव्वा?"

मला राग येतो. भीतीही वाटते — माझ्या घरात उपाशी मरतेय ही बाई.

१२ एप्रिल

पाण्याची रेल्वे आली! मिरजेहून. मन्मथ बघून आला. म्हणाला, लोक डब्याला हात लावून बघत होते, गार लागतंय का म्हणून. आपल्या गावाला रुळावरून पाणी येईल असं कुणी म्हणालं असतं तर वेड्यात काढलं असतं मी.

१३ एप्रिल

उद्या चौदा एप्रिल, जयंती. दरवर्षी वस्तीत खीर वाटते मी. यंदा खिरीला पाणी, पातेली घासायला पाणी — कुठून आणू? मायक्रोवेव्हच्या डब्यात पुस्तिका सापडली. शेंगदाण्याची चिक्की, एक काचेचं भांडं, पाणी नाही. ठरलं.

गूळ ठेचला, दोन चमचे तूप, बटण दाबलं. आणि उभी राहिले बघत.

विस्तव नाही. जाळ नाही. आत एक पिवळा दिवा आणि हळूहळू फिरणारं भांडं. गुळाला आधी घाम फुटल्यासारखं झालं. मग कडेचे खडे ढासळले. मग मधोमध एक बुडबुडा — एकच! — आणि त्याच्यामागून सगळे! पंधरा वर्षं पोरांना लहरी शिकवतेय. फळ्यावर काढते, नागमोडी रेघ. आज पहिल्यांदा त्या रेघेनं माझ्यासमोर दगडासारखा गूळ वितळवला. तोंडावर हात ठेवून उभी होते मी, शेंबड्या पोरीसारखी.

घंटी वाजायला वीस सेकंद असतील. बाहेरच्या खोलीतून आत्यांचा आवाज — "करपलं! आतून करपलं, वरून कच्चंय!"

काढलं. मधोमध काळा डाग, कडेला खडे तसेच.

डोळ्यावर पट्टी. मधे भिंत. त्यांना कसं कळलं?

दुसऱ्या वेळी लवकर काढलं, तर दातालाच चिकटलं. एरवी पाण्यात थेंब टाकून बघतात पाक झाला का. वाटीभर पाणी तरी कुठं वाया घालवू!

१४ एप्रिल

लिहायला सुचत नाही, इतकं आज घडलं.

पहाटे उठून तिसऱ्यांदा लावलं. ह्या वेळी दार उघडं ठेवलं आणि आत्यांच्या खाटेकडे बघून म्हणाले, "आत्या, झालं की सांगा." मान वर झाली. भांडं फिरतंय, मी त्यांच्या नाकपुड्यांकडे बघतेय.

"थांबीव. हालीव."

हलवलं. परत लावलं.

"आता नगं... आता नगं... काढ!"

काढलं. भाजलेले दाणे टाकले, चिमूटभर खायचा सोडा — आणि सगळं फसफसून दुप्पट वर आलं, कुणीतरी आतून श्वास घेतल्यासारखं! रंग लख्ख सोनेरी. पालथ्या ताटाला तूप लावून ओतलं, लाटण्यानं पसरलं. दहा मिनिटांनी उचलून मोडलं — कट्‌! काचेसारखा आवाज. उजेडात धरलं तर मधासारखं चमकत होतं, दाणे जिथल्या तिथं थांबलेले.

"व्हय, आसाच आवाज पायजे," आत्या म्हणाल्या. त्यांच्या वडलांचं उदगीरकडं गुऱ्हाळ होतं, कढईपाशीच लहानाच्या मोठ्या झाल्या — हे मला आज कळलं. अकराव्या वर्षी!

पांढरी साडी नेसून विहारात गेले, वंदना झाली, चिक्की वाटली. पोरांनी ताट चाटायचंच तेवढं बाकी ठेवलं. दुपारी घरी आले तर ओट्यावर झाकून ठेवलेल्या वड्यांतल्या चार कमी.

आत्यांच्या पदरावर भुगा.

त्याच म्हणाल्या, "इस्तू न्हाई, पाणी न्हाई. म्हंजी हे शिजीवलेलंच न्हाई. सुकं हाय. सुक्याला इटाळ नसतो."

आजच्या दिवशी. नेमकं आजच्या दिवशी!

आनंद झाला की अपमान? दोन्ही. पण त्या चार वड्या खाऊन गाढ झोपल्या, आठ दिवसांत पहिल्यांदा. ते बघत बसले बराच वेळ.

१८ एप्रिल

रोज एक घाणा. दाण्याची, मग तिळाची, आज जवस आणि फुटाणे मिळून. बरोबर दूध. चेहऱ्यावर तकाकी आली.

आणि बोलतात! पाक तयार होईतो खाटेवर बसून सांगत राहतात. रसाला पहिली उकळी आली की हिरवा वास येतो म्हणे. मळी काढली की तो जातो. मग दुधासारखा वास. मग कणसासारखा. "आन्‌ शेवटाला वास येतच न्हाई. घडीभर. तवाच उतरायचं. त्येच्या फुडं करपट."

हे कुठल्या पुस्तकात आहे? मी भांडं घेऊन हुंगत बसले. ती वास नसलेली घडी मला सापडेना. त्यांना भिंतीपलीकडून सापडते.

२३ एप्रिल

सिद्धेश्वर भाऊजींचा फोन. उदगीर नवा जिल्हा होणार, आपला मुखेड तालुका त्यात जाणार, अशी गावात हवा आहे. आत्या म्हणाल्या, "जिल्हा बदलला म्हणून हिरीला पानी येतंय व्हय?" मन्मथ आणि मी एकदम हसलो. आत्याही हसल्या. तिघं एका गोष्टीवर हसलो!

त्याच हसण्यानं मला टोचलं. त्यांना वाटतंय चिक्कीत पाणी नाही.

२६ एप्रिल

सांगून टाकलं.

किती दिवस गिळून बसायचं? मायक्रोवेव्ह शिजवतो तो पाण्याच्या जोरावरच. गुळात दडलेलं पाणी, तेच कण थरथरतात, एकमेकांवर आपटतात, तापतात. खडखडीत कोरड्या वस्तूला तो फारसं काही करू शकत नाही. हे मी पोरांना शिकवणार आणि घरात उलटं चालू देणार?

म्हणाले, "आत्या, ह्यात पाणी हाय. पाणीच शिजवतंय हे. माझ्याच हातचं शिजवलेलं खाताय तुम्ही."

हातातली वडी त्यांनी खाली ठेवली.

२७ एप्रिल

काही खाल्लं नाही. दूधही नाही. मन्मथ माझ्यावर ओरडला — "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" पहिल्यांदा ओरडला.

बिघडलं असतं. माझं बिघडलं असतं. पण परवा दुसरा डोळा आहे आणि त्या उपाशी आहेत.

२८ एप्रिल

दुपारची वेळ. मन्मथ मिलला. हाक आली, "मास्तरीण, हिकडं ये. बस."

खाली बसू लागले तर म्हणाल्या, "खाटंवर."

बसले.

"मला काय येडी समजलीस? गूळ कशाचा असतो?"

"उसाच्या रसाचा."

"रस म्हंजी काय? पानीच की! गुऱ्हाळात जल्म गेला माझा. समदं पानी कंदीच आटत न्हाई, ऱ्हातंयच थोडं. तुज्या आदी ठावं हाय मला."

मी बघतच राहिले. "मग सुकं हाय म्हणालात ते?"

"निमित्त पायजे व्हतं." आवाज अगदी बारीक झाला. "साठ वरसं येक धरून बसलेलं. माय तसंच, सासू तसंच. आन्‌ येकदम कसं सोडावं मान्सानं? निमित्तानं सोडत व्हते, हळूहळू. त्ये बी तू काढून घेतलंस."

मी म्हणाले, "मला निमित्तानं नको होतं, आत्या."

गल्लीतून टँकरचा भोंगा गेला, बाया घागरी घेऊन धावल्या, मी हलले नाही.

मग म्हणाल्या, "भाकर हाय का?"

"सकाळची हाय."

"दे. कोरड्यास आसंल त्ये घाल. आन्‌ पानी."

त्यांचा तांब्या भरायला उठले, तर म्हणाल्या, "तुमच्यातच आण."

आमच्या स्टीलच्या पेल्यात आणलं. रेल्वेनं आलेलं, टँकरनं दिलेलं, मी गाळलेलं. दोन्ही हातांनी धरून त्या प्याल्या. गळा हलत होता, एकेक घोट. मी इतकं सावकाश कुणाला पाणी पिताना पाहिलं नाही. श्वास रोखून बघत होते. पेला रिकामा झाल्यावर कळलं की माझा हात त्यांच्या गुडघ्यावर आहे. आणि त्यांनी तो काढलेला नाही.

२९ एप्रिल

उजवा डोळाही झाला. जाताना वरणभात खाऊन गेल्या.

७ मे

दोन्ही डोळ्यांनी दिसतंय! काळा चष्मा काढून माझ्याकडे टक लावून बघत बसल्या. मी लाजले. "काय बघताय?"

"अकरा वरसं धूसर बघितलं तुला. वयस्क झालीस की!"

१२ मे

भाऊजी येऊन आत्यांना घेऊन गेले. सिद्धेश्वर भाऊजी आणि जाऊबाई नागुबाईंच्या मोठ्या मुलीचा साखरपुडा आहे परवा. मन्मथला "यायचं तर ये" म्हणाले. माझं नाव निघालं नाही. मन्मथ म्हणाला, मीही येत नाही. आत्या पिशवी भरत राहिल्या.

मी डबाभर चिक्की दिली. घेतली. एस्टी हलली तेव्हा खिडकीतून बघत होत्या.

घर मोठं वाटतंय. मला वाटलं होतं, जाताना तरी नावानं हाक मारतील.

१६ मे

सकाळी नागुबाईंचा फोन. इतक्या वर्षांत पहिला. रडत होत्या. साखरपुड्याच्या पंगतीत पाहुण्यांदेखत आत्या ताटावरून उठल्या. तेव्हापासून त्या घरात अन्नाला शिवल्या नाहीत. काही विचारलं की एकच — "माझी पंचशीला ज्या पंगतीत न्हाई, थितं मी बी न्हाई."

मागून भाऊजींचा आवाज आला. "वैनी, या तुमी. दोघं बी या."

उद्या सातची मुखेड गाडी. साडी कोणती नेसू, काही सुचेना.