फवाऱ्यात अडकलेला खवला

ओस्त्रावा, १९ डिसेंबर

तीर्थस्वरूप वेंडेलिनमामांना ओल्द्रिखचा नमस्कार.

थंडीत गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला मागच्या पत्रात होता तिथेच असेल, तर निदान वाढला नाही असं समजतो. इकडे सगळे बरे आहेत. मी सोडून.

नाताळच्या जेवणाचा कार्प मासा यंदा मी दहा तारखेलाच घेतला (घाई केली, चुकलं). चार किलोचा जिवंत मासा दोन आठवडे न्हाणीघरात ठेवायचा म्हटल्यावर लिबुशे म्हणाली, "टबात तो राहणार, मग मी आंघोळीला काय तुझ्या कारखान्यात येऊ?" बायकोपेक्षा मासाच कारखान्यात गेलेला बरा, म्हणून त्याला बादलीतून नेऊन फवाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत सोडलं. तुमच्या काळी आपल्या पाळीतल्या सगळ्यांचे कार्प तिथेच तर राहायचे. पण तेव्हा फवारा म्हणजे भोकं पाडलेला नळ होता, मामा. आता नव्या फवाऱ्यांची तोंडं मसुराएवढी आहेत. (टाकीत गाळणी होती, पण तिच्यात त्याची शेपटी अडकायची. मला बघवेना, म्हणून मी ती काढून ठेवली.)

गुरुवारी मोठं नळकांडं भट्टीतून काढलं. साठ टनांचं, भिंत हातभर जाड, घडवायला चार महिने लागलेले. लालबुंद असतानाच ते रुळांवर फिरवत आतून-बाहेरून फवारायचं आणि सगळीकडून सारखं निववायचं, हे तुम्हीच मला कान पिळून शिकवलंत. वाफ विरली. सगळं काळं पडलं होतं आणि मधोमध चार बोटांचा पट्टा अजून लाल. तिथे पाणी पोचलंच नव्हतं. मग टण्ण असा आवाज झाला आणि नळकांडं तडकलं. चिरेत माझी बोटं जातात.

इंजिनिअर हाव्रान्कोवाबाईंनी फवारे उघडले. चिमट्यात एक चकचकीत चकती धरून त्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "भट्टीतली पपडी, बाई." त्या म्हणाल्या, "असं? मग हिला मासळीचा वास कसा?"

मासा कुणाचा, ते शुक्रवारपर्यंत लेखी द्यायचं आहे. माझा म्हटलं तर नोकरी गेली. पेन्शनीला दीड वर्ष उरलंय, आणि या वयात मला बेकरीच्या भट्टीपाशीसुद्धा कुणी उभं करणार नाही. पाळीतली माणसं मान खाली घालून काम करतात. माझं नाव कुणीच घेत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. जेवण जात नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
ओल्द्रिख

ता. क. मासा ठणठणीत आहे. कुणाच्या हाती लागत नाही.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, तोवर लेखी देऊन झालं. मासा तुमचा, असं लिहिलंय. जुन्या सवयीने तुम्ही आणून सोडलात आणि गाळणीही तुम्हीच काढलीत. निवृत्त माणसाला कामावरून कोण काढणार, मामा? चौकशीचं पत्र येईल, तेव्हा तेवढं 'हो' म्हणा.

ता. क. तिसरा. कारखान्याच्या दालनात इतकी वर्षं भिंतीवर असलेला तुमचा फोटो माझं लेखी वाचून उतरवायचं ठरलं. मी दुसऱ्या कुणाला स्टुलावर चढू दिलं नाही. मीच चढलो.