फाटकावरचं जावळ

बा, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, माफ कर. चौथीतच शाळा सुटली, हात अजून अडतो. एक ओळ होईपर्यंत गाडीची वेळ होते. तुला जाऊन सहा वर्षं झाली. मधे काकाने फाटक सांभाळलं, आता मी सांभाळतो, वय वाढवून सांगून. आणि आज मला तुझा फार राग येतोय.

ताईचं लग्न आठवतं का? वरात रुळाच्या पलीकडे, मांडव अलीकडे, आणि तू मधे फाटक लावून उभा. रजा मागितली होतीस, बदली माणूस आलाच नाही. घोड्यावर नवरदेव ताटकळतोय, त्याचा काका म्हणतो, "सासराच वाट अडाई ऱ्हायना." तू एवढंच म्हणालास, "पोर मन्ही शे, गाडी मन्ही नही." वरात सोडलीस, पण मागून दुसरी गाडी होती, म्हणून अक्षता पडल्या तेव्हाही तू इथेच. त्याआधी तू कंदिलाची काच राखेने घासायचास, फाटकाजवळच्या दगडांना चुना मारायचास. नंतर काच काळी पडली तरी बघायचा नाहीस. काम करायचास, पण तोंड फिरवून. आई तोंडावर म्हणायची, आळशी झालास.

आज भाच्याचं जावळ होतं. मामाच्या मांडीशिवाय ते कसं काढणार? रजेसाठी मी चारदा स्टेशन मास्तरांच्या दारापर्यंत गेलो, तसाच परतलो. शेवटी बोललो तर म्हणाले, "लढाईचे दिवस आहेत, मालगाड्या खोळंबल्यात, आणि तुझं काय, केस?" ताईने निरोप धाडला, "तू बी बासारखाच शेस. मंग मन्हं माहेर तुटनं समज." तरी दुपारी तीच शहाद्याहून बैलगाडीने इथे आली, न्हाव्याला बसवून, पोर रडतंय. मी फाटक लावून पोराला मांडीवर घेतलं. अर्धं डोकं झालं आणि शिटी ऐकू आली. न्हावी म्हणतो, "हालू नको मामा, कान कापाई जाई." मी उठलोच. भाचा कडेवर, अर्धं डोकं भादरलेलं, आणि एका हाताने झेंडी दाखवतोय. इंजिनवाला हसत गेला. ताई हसली नाही. लग्नात ती मांडवात होती, तुला तिने असं उभं पाहिलंच नव्हतं. गाडी गेल्यावर हळूच म्हणाली, "बा बी आसाच उभा व्हता का?" मी मान हलवली. मग उरलेलं डोकं झालं.

हे कुठे धाडणार, कंदिलाच्या फळीवर ठेवतो. एक सांगायचं राहिलं. आळशी आईच नाही म्हणायची, मीही म्हणायचो, शाळेतल्या पोरांपुढे. आज काच पुसायचा मलाही कंटाळा आला.

बकरी व्याली. दोन करडं, एक पूर्ण काळं.